नको म्हटलेलं पाणी

मी आयुष्यात केलेल्या मूर्खपणांची यादी माझ्या नातवंडांना तोंडपाठ आहे. नवी गाडी पहिल्याच आठवड्यात पार्किंगच्या खांबाला घासली. मुलाच्या ग्रॅज्युएशनला भलत्याच हॉलमध्ये जाऊन बसले आणि अनोळखी मुलांसाठी दोन तास टाळ्या वाजवल्या. पण त्या यादीत पहिला नंबर एका ग्लासभर पाण्याचा. घानामध्ये, कुमासी शहराच्या पुढे तीन तासांवर असलेल्या एका गावात, एका बाईने माझ्यासमोर पाणी धरलं आणि मी ते नको म्हणाले. एकदा नाही, तीनदा. तेही हसून, मान तिरकी करून, दोन्ही हात हलवून. लहानपणी आईने शिकवलं होतं ना, लोकांकडे गेलं की पहिल्या झटक्यात हो म्हणायचं नाही, हावरट दिसतं. अगदी तसं.

"आजी, यू सेड नो टू वॉटर? हू डझ दॅट?" धाकटी नात विचारते.

"तुझी आजी," मी सांगते.

तेव्हा मी चोपन्न वर्षांची होते. आज बहात्तराव्या वर्षी ती बया मला अगदी पोर वाटते. तिला वाटायचं, आपल्याला सगळं कळतं. कारण तिने पंचवीस वर्षं हॉस्पिटलच्या लॅबमध्ये लोकांचे नमुने मायक्रोस्कोपखाली पाहिले होते आणि जगातल्या प्रत्येक घोटात काय काय पोहत असतं ते तिला नावानिशी ठाऊक होतं. फक्त एक गोष्ट तिला ठाऊक नव्हती. ती होती तिच्या डोळ्यांसमोर, रोज, कॅनडात नॉर्थ यॉर्कला, तिच्याच बिल्डिंगच्या चौदाव्या मजल्यावर.

चौदाव्या मजल्यावर बाई राहायच्या.

सगळे त्यांना बाईच म्हणत. त्यांनी आम्हांला कुणालाच शिकवलेलं नव्हतं, पण त्यांच्यासमोर उभं राहिलं की आपला गृहपाठ राहिलाय असं वाटे. घानातल्या एका मुलींच्या शाळेत त्यांनी बारा वर्षं गणित शिकवलं होतं. मिस्टर तिथे रस्त्यांचे इंजिनियर होते. मग दोघं कॅनडात आली, आणि इथे पुन्हा परीक्षा द्या म्हटल्यावर बाईंनी सरळ एका दातांच्या डॉक्टरकडे रिसेप्शनवर नोकरी धरली. "मी परीक्षा घेते, देत नाही," असं त्यांचं त्यावरचं म्हणणं.

साडी नारायणपेठी, पण त्यावरचा ब्लाउज घानातल्या छापील कापडाचा. निळ्यावर केशरी मासे, नाहीतर हिरव्यावर विजेचे दिवे. मराठी मंडळाच्या संक्रांतीला असे दिवे पेटवून आलेली दुसरी कुणी मी पाहिली नाही. पर्समध्ये लाल पेन कायम. लिफ्टमध्ये नोटीस लागली की बाईंचं पेन निघे. लाँड्री रूम बंद असल्याच्या एका नोटिशीला त्यांनी दहापैकी चार दिले आणि खाली लिहिलं, 'तारीख कुठे आहे?' तारखेवर त्यांचा फार जीव. आमच्या मुलाच्या मुंजीची पत्रिकासुद्धा तपासून परत आली होती. दहापैकी साडेसात. माझी सासू दोन दिवस जेवली नाही.

पण बाईंची खरी ओळख म्हणजे पाणी. दारातून आत पाऊल टाकलं की तुम्हांला खुर्चीत बसवायचं, समोर पाण्याचा ग्लास ठेवायचा आणि तुम्ही तो ओठाला लावेपर्यंत एक अक्षर बोलायचं नाही. लावलात की मग प्रश्न, "हं, काय काम काढलंत?"

हा नियम सर्वांना सारखा. नळ दुरुस्त करायला आलेला बिल्डिंगचा सुपरिंटेंडेंट, पार्सल घेऊन आलेला माणूस, धर्माची पत्रकं वाटत फिरणाऱ्या दोन गोऱ्या म्हाताऱ्या. त्या म्हाताऱ्यांना तर बाईंनी पाणी पाजून इतक्या आस्थेने काम विचारलं की त्या गोंधळून म्हणाल्या, आमचं तसं काही काम नाही, आणि उठून गेल्या.

मला वाटायचं, हा पुणेरी तिखटपणा. आल्या आल्या काय काम काढलंत म्हणजे, काम सांगा आणि चालू लागा. वर्षानुवर्षं मी तो ग्लास तोंडाला लावला आणि वर्षानुवर्षं मनात म्हणत राहिले, काय बाई तरी!

नोव्हेंबरात बिल्डिंगची हीटिंग सुरू झाली की बाईंचा फोन यायचा. "हरमॅटन आला गं." हरमॅटन म्हणजे सहारा वाळवंटातून घानाकडे येणारा कोरडा वारा. पाऊस संपला की तो सुटतो आणि आंबे-केळ्यांनी ओथंबलेला तो मुलूख महिनाभरात पापडासारखा वाळतो. नॉर्थ यॉर्कच्या रेडिएटरने ओठ फुटले, केस उभे राहिले, दाराच्या कडीचा झटका बसला, की बाईंच्या लेखी तोच वारा आला. मग त्या रेडिएटरवर ओले टॉवेल पसरत, खोल्याखोल्यांतून पाण्याची पातेली ठेवत आणि शिया नावाच्या झाडाच्या बियांचं पिवळट लोणी कोपरांना चोळत बसत. बाहेर बर्फ, आणि आत या घानात.

एका वर्षी मंडळाच्या गणपतीला मोठं पातेलं हवं होतं. बाई म्हणाल्या, "माझ्याकडे आहे. बेसमेंटच्या लॉकरमध्ये." त्या पत्र्याच्या ट्रंकेला घाना सोडल्यापासून, म्हणजे पंचवीस वर्षांत, कुणी हात लावला नव्हता. मी सोबत गेले. ट्रंक उघडली तर आत पितळेची परात, पातेली, डबे, आणि प्रत्येक भांडं जुन्या उत्तरपत्रिकांत गुंडाळलेलं. शाळेने रद्दीत काढलेला गठ्ठा निघताना पॅकिंगला वापरला होता.

मी भांडी सोडवत होते. बाई कागद सरळ करत होत्या, आणि सरळ केलेला कागद वाचल्याशिवाय ठेवणं त्यांना या जन्मी शक्य नव्हतं. उपड्या पातेल्यावर बसून त्या पंचवीस वर्षांपूर्वीचे पेपर पुन्हा तपासू लागल्या. "ही हुशार होती... ही आळशी... हिने शेजारणीचं बघून लिहिलंय." मी हसत होते. मग एका कागदावर त्यांचं बोट थांबलं. तोच कागद त्यांनी पुन्हा पहिल्यापासून वाचला.

"काय झालं बाई?"

"काही नाही."

'काही नाही' असं त्या इतक्या हळू म्हणाल्या की मी परात खाली ठेवली. मग त्यांनी कागद माझ्यापुढे धरला. वर लाल शाईत अडतीस. पास व्हायला चाळीस लागत. आत वर्तुळाच्या एका प्रश्नावर मोठी लाल फुली.

"हे बरोबर आहे," बाई म्हणाल्या. "पाच मार्कांचं. मी चूक दिलंय."

ही मुलगी होस्टेलच्या मेट्रनची लेक. मेट्रन बाईंची परदेशातली पहिली मैत्रीण. दर रविवारी एकीच्या ताटात दुसरी जेवायची. पोरगी गणितात दोन मार्कांनी गेली तेव्हा मेट्रन स्टाफरूममध्ये येऊन उभी राहिली. फक्त दोन, मॅडम. बाई म्हणाल्या, "ते दोन माझे नाहीत द्यायला." मुलीची शाळा सुटली, ती मावशीच्या दुकानात कापड मोजायला लागली. मेट्रन पुन्हा कधी बाईंच्या ताटात जेवली नाही. सहा महिन्यांनी बाईंनी देश सोडला तेव्हा ती फाटकापर्यंतसुद्धा आली नाही.

"मी आजवर म्हणत आले की मी बरोबर होते," बाई म्हणाल्या, आणि कागद घडी न घालता, अगदी सपाट, पर्समध्ये ठेवू लागल्या. तो मावेना, शेवटी घडी घालावीच लागली.

ऑक्टोबरात त्यांनी मला विचारलं, "नोव्हेंबरअखेर घानाला येतेस का? पाऊस गेला की रस्ते बरे होतात. माझ्या डोळ्यांना आता एकटीने जमत नाही." मिस्टर जाऊन चार वर्षं झाली होती. मुलगा तासाभरावर मिल्टनला, त्याला सुट्टी नव्हती. मी लगेच हो म्हटलं. बाईंना आधार द्यायला कुणी शहाणं माणूस नको का?

या शहाण्या माणसाने अकरा सुती कुडते घेतले. रेनकोट घेतला. प्रवासाच्या क्लिनिकमधून सूचनांची यादी आणली आणि पारदर्शक कव्हरात घातली. सीलबंद बाटलीशिवाय पाणी नको, बर्फ नको, कापलेली फळं नकोत. बाई म्हणाल्या, "लिप बाम घे. लोकरीचे मोजे घे. हाताचं क्रीम, जाड." मी खो खो हसले. "बाई, आपण विषुववृत्ताकडे चाललोय का बर्फातल्या सडबरीला?"

अॅमस्टरडॅमला विमान बदलून आम्ही घानाच्या राजधानीत, अक्राला, उतरलो तेव्हा घामाच्या धारा लागल्या. मी बाईंकडे विजयी नजरेने पाहिलं. त्या रुमालाने मान पुसत होत्या. दोन दिवसांनी उत्तरेकडे गाडीने निघालो आणि जसजसं वर जावं तसतसं आभाळ पांढुरकं होत गेलं. गेस्ट हाउसमध्ये सकाळी उठले तर खिडकीबाहेर सूर्य म्हणजे ताकात पडलेली चकती. झाडं, कौलं, बकऱ्या, सगळ्यांवर मऊ पिठासारखी धूळ. माझा खालचा ओठ मधोमध फुटला होता. हसलं की रक्त. टाचांच्या भेगांत मोजे अडकतील अशी अवस्था, पण अडकायला मोजे कुठे आणले होते? बाई शिया लोणी चोळून, मोजे घालून, मासेवाला ब्लाउज चढवून तयार होत्या. "सडबरी," एवढंच म्हणाल्या.

दुपारी आम्ही मेट्रनच्या घरी गेलो. अंगण स्वच्छ झाडलेलं, आंब्याखाली प्लास्टिकच्या खुर्च्या. मेट्रन सत्तरीच्या पुढची, उंच, खांद्यावर कापड टाकलेलं. ती उठून म्हणाली, "अक्वाबा." या, असं. पण चेहरा दगडी. आतून चाळिशीची एक बाई ट्रेवर दोन ग्लास घेऊन आली. बाईंचा हात पर्सवर घट्ट झाला, तेव्हा मी ओळखलं. पेपरातली पोरगी ती हीच.

मी नवखी, म्हणून ट्रे आधी माझ्यापुढे आला.

मी ग्लासकडे पाहिलं. पाणी नितळ होतं. पण नितळ दिसण्यावर मी पंचवीस वर्षांत कधी विश्वास ठेवला नव्हता. क्लिनिकची यादी डोळ्यांपुढे उभी राहिली आणि तोंडातून आईची शिकवण निघाली. "नो, नो, थँक यू." ट्रे तिथेच. "खरंच नको, आत्ताच झालं." ट्रे तिथेच. तिसऱ्यांदा मी दोन्ही हात हलवले आणि गोड हसले. ओठ फुटल्यामुळे त्या गोड हसण्यात रक्तही होतं.

बाईंचा पुढे आलेला हात हवेतच थांबला. मेट्रनने बोटाने खूण केली आणि लेकीने ट्रे जसाच्या तसा मागे घेतला.

"मॅडम," मेट्रन शांतपणे म्हणाली, "पंचवीस वर्षांनी आलात. भांडण सोबत घेऊन आलात ते आलात, वर भांडायला एक माणूसही घेऊन आलात." मग ऊन फार आहे, असं म्हणून ती उठली आणि आत गेली.

बाई तडक गेस्ट हाउसकडे चालू लागल्या. खोलीत आल्यावर त्यांनी माझ्या हातातली क्लिनिकची यादी कव्हरातून काढली, लाल पेन काढलं आणि वर भलंमोठं शून्य दिलं. खाली तारीख घातली.

"इथे आलेल्याला आधी पाणी," त्या म्हणाल्या. "ते घेतलं, नुसतं ओठाला लावलं तरी चालतं, की तू भांडायला आलेली नाहीस हे ठरलं. मग घरातलं मोठं माणूस विचारतं, काय काम काढलंत. विचारलं की सांगायचं. न विचारता नाही. सोबतचीने नाकारलं म्हणजे दोघींनी नाकारलं."

माझ्या डोळ्यांपुढून सुपरिंटेंडेंट गेला. पार्सलवाला गेला. त्या दोन गोऱ्या म्हाताऱ्या गेल्या. त्यांच्यामागून मी स्वतः गेले, बाईंकडचा ग्लास तोंडाला लावत, मनात नाक मुरडत. ज्याला मी तिखटपणा म्हणत होते तो पाहुणचार होता, आणि मी तो वर्षानुवर्षं फुकट प्याले होते.

"उद्या पुन्हा जाऊ या ना बाई. परवा पहाटे आपली गाडी आहे."

"मी कशी जाऊ? मला विचारलंच नाही," बाई म्हणाल्या आणि भिंतीकडे तोंड करून पडल्या. पेपराची पर्स उशाशी. इतक्या लहान त्या मला कधी दिसल्या नव्हत्या.

सकाळी त्या उठायच्या आत मी एकटी निघाले. वीस मिनिटांची वाट. थंडी वाजत होती. हो, विषुववृत्ताजवळ मला थंडी वाजत होती, आणि रेनकोट घालून मी धुळीतून चालले होते. शाळेत जाणाऱ्या पोरींनी मला पाहून तोंडावर हात ठेवले.

लेक अंगण झाडत होती. मी म्हटलं, "मी कालचं पाणी प्यायला आले आहे."

तिने माझ्याकडे पाहिलं. झाडण्याचा शेवटचा पट्टा सावकाश पूर्ण केला. मग आत जाऊन ग्लास आणला. मी डोळे मिटले, आतल्या सगळ्या संभाव्य प्राण्यांना नावं घेऊन नमस्कार केला आणि एका दमात प्याले. गार, मातीच्या चवीचं, फार चांगलं पाणी होतं. मी ग्लास परत दिला. ती हलली नाही.

"काल तुम्ही तीनदा नको म्हणालात," ती म्हणाली. "अजून दोन राहिले."

हिला गणितात नापास केलं होतं!

तिसऱ्या ग्लासाला मेट्रन दारात येऊन उभी होती. खुर्ची ओढून बसली आणि तिने विचारलं, "काय काम काढलंत?"

"माझं काही काम नाही," मी म्हटलं. "काम मॅडमचं आहे. मी मूर्ख आहे, एवढंच सांगायला आले. त्या भांडण घेऊन आलेल्या नाहीत. मी त्यांच्याकडे अनेक वर्षं पाणी पिते आणि ते पाणी तुमचं होतं हे मला काल कळलं."

मेट्रन माझ्याकडे बघत राहिली. मग तिची नजर माझ्या ओठावर आली. ती आत गेली, एक डबी घेऊन आली आणि अंगठ्याने पिवळं लोणी माझ्या ओठाला लावलं. माझी आई गेल्यापासून असं कुणी काही लावलं नव्हतं. "कॅनडात माणसं अशी वाळतात?" तिने विचारलं आणि लेकीला म्हणाली, "जा, मॅडमना घेऊन ये."

बाई आल्या. बसल्या. पाणी आलं. बाई ते शेवटच्या थेंबापर्यंत प्यायल्या.

"काय काम काढलंत?"

  बकरी ओरडली, शेजारी कुणीतरी बादली आपटली. मग बाईंनी पर्स उघडली आणि तो कागद काढला. घडीवर फाटायला आलेला.

"मी चुकले," बाई म्हणाल्या. आयुष्यभर दुसऱ्यांना लावलेलं ते क्रियापद त्या पहिल्यांदाच स्वतःला लावत होत्या. "हिने वेगळ्या रीतीने सोडवलं होतं. माझी रीत नव्हती, म्हणून मी खालचं वाचलंच नाही."

मेट्रनला चष्म्याशिवाय दिसेना. तिने कागद लेकीला दिला. लेक आपलं सोळाव्या वर्षातलं अक्षर वाचत उभी राहिली. ओठ हलत होते. शेवटच्या ओळीशी आल्यावर तिने मान हलवली, स्वतःशीच, जमलं होतं की, अशी.

"मी तेव्हाच सांगितलं होतं," ती म्हणाली. "लिहा मग."

बाईंनी लाल पेन काढलं.  फुली खोडली, अडतीस खोडले, त्रेचाळीस लिहिले आणि कागद पुढे केला.

"तारीख, मॅडम," लेक म्हणाली.

मेट्रन इतकी हसली की तिला खुर्ची धरावी लागली. "दोन मागितले होते," डोळे पुसत ती म्हणाली, "पाच घेऊन आलात. किती उशीर केलात. चला, जेवायला बसा." आणि एकच ताट आलं. दोघी त्यात जेवल्या.

निघताना मी लेकीला हळूच विचारलं, "राग गेला का?"

"अर्धा," ती म्हणाली.

त्या तीन ग्लासांनी मला काहीही झालं नाही. परतताना अॅमस्टरडॅमच्या विमानतळावर सीलबंद सँडविच खाल्लं आणि चार दिवस आडवी झाले.

मेट्रन पुढे सहा वर्षं होती. दर रविवारी दोघींचा फोन चालायचा, आणि बाई फोनसमोर ताट घेऊन बसायच्या. नंतर बाईंचं चालणं थांबलं, तेव्हा मुलाने त्यांना मिल्टनला त्याच्या घराजवळच्या वृद्धांच्या होममध्ये ठेवलं. तिथल्या जेवणाच्या मेनूकार्डावर लाल खुणा दिसू लागल्या, आणि खोलीत रक्तदाब बघायला येणाऱ्या प्रत्येक नर्सला आधी पाणी. त्या पोरी हसत, पण पीत.

दोन वर्षांपूर्वी, नोव्हेंबरात, मी त्यांना शेवटची भेटले. हीटिंग नुकतीच सुरू झाली होती. त्यांच्या ओठाला मी लोणी लावलं आणि सहज विषय काढला. म्हटलं, बाई, त्या दिवशी मी मूर्खपणा केला नसता तर तुमची ती एक रात्र वाईट गेली नसती, मला अजून लागतं ते. बाईंनी डोळे उघडले. टेबलावरच्या ग्लासकडे बोट केलं. मग एकेक शब्द सावकाश, शाळेत फळ्यावर लिहावं तसा, म्हणाल्या:

"अगं, पहिल्या दिवशी तू पाणी घेतलं असतंस ना, तर तिने लगेच विचारलं असतं, काय काम काढलंत. आणि मी म्हणाले असते, काही नाही, सहज आले होते. पेपर पर्समध्येच राहिला असता. ती रात्र मला हवी होती. पण म्हणून तू शहाणी ठरत नाहीस हं. पाणी पी आधी."